नावेवरचं लपण : हतनूरच्या पाण्यावर बदकं जवळून पाहण्यासाठी

दिवाळी आटोपली की जळगाव जिल्ह्यातल्या हतनूर धरणामागे, तापी-पूर्णेच्या फुगवट्यावर पाहुणे उतरायला लागतात. थापट्या, तलवार बदक, भुवई बदक, चक्रांग, मोठी लालसरी, शेंडी बदक, चक्रवाक आणि हिमालय ओलांडून येणारे पट्टकदंब हंस. चांगदेवच्या संगमापासून हतनूरच्या भिंतीपर्यंत पाणी पसरलेलं असतं, आणि थवा नेमका काठापासून लांब, मध्यावर बसतो. काठावरून दुर्बिणीत ठिपके दिसतात. नाव घेऊन जवळ जावं तर सगळा थवा एकदम उठतो, आणि त्या दिवसापुरतं तिथलं पक्षीदर्शन संपतं.

यावरचा जुना उपाय म्हणजे नावेवर बांधलेलं लपण. पूर्वी ते बंदुकीसाठी बांधत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आणि विशेषतः त्यातल्या १९९१ च्या दुरुस्तीने आपल्याकडची पाखरांची शिकार बंद झाली, आणि ते बरंच झालं. बांधणी मात्र तीच उपयोगी आहे : छायाचित्रासाठी, नुसतं पाहण्यासाठी, किंवा दर जानेवारीत होणाऱ्या आशियाई पाणपक्षी गणनेसाठी. त्याच कायद्यात ‘शिकार’ या शब्दाच्या व्याख्येत जनावर-पाखराला हाकणं आणि आमिष दाखवणंही येतं. म्हणून नाव थव्यामागे पळवायची नाही आणि पाण्यात धान्य टाकायचं नाही. लपण एका जागी थांबतं, पाखरू आपल्या मर्जीने येतं. पुढची सगळी मापं हे गृहीत धरून दिली आहेत.

बदकाला काय दिसतं

लपण म्हटलं की लोक आधी रंगाचा विचार करतात आणि बाजारातून हिरवी जाळी आणतात. रंगाचा क्रमांक तिसरा. पहिली हालचाल, दुसरा आकार.

बदकाचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असतात. मान न वळवता त्याला जवळजवळ चहूकडचं दिसतं, वरचंही. त्यामुळे समोरून झाकलं आणि वरून उघडं ठेवलं, तर उतरायला आलेला थवा दोन घिरट्या घालून निघून जातो. छप्पर हवंच. आकाराचं म्हणाल तर पाण्याच्या आडव्या रेषेवर उभी, सरळ, कोपरे असलेली कुठलीही वस्तू खटकते. माणसाचं डोकं आणि खांदे हा तर त्यांचा पक्का ओळखीचा आकार. लपण गोलसर, कडा विस्कटलेल्या, खाली रुंद आणि वर निमुळतं असावं, पाणकणसाच्या (उथळ पाण्यात वाढणाऱ्या उंच गवताच्या) बेटासारखं.

आता सर्वांत जास्त वेळा होणारी चूक. सकाळी सूर्य पाठीशी घेऊन बसतात, म्हणजे समोरच्या पाखरावर उजेड पडतो. पण तोच सूर्य पाठीमागच्या विरळ जाळीतून आत शिरतो आणि आत बसलेल्याची काळी छाया समोरच्या जाळीवर स्पष्ट उमटते. आतून आपल्याला वाटतं आपण झाकलेले आहोत, बाहेरून बदकाला हात हलताना दिसतो. म्हणून लपणाच्या दोन बाजू सारख्या करायच्या नाहीत. पाहण्याची बाजू विरळ, पाठीची बाजू दाट आणि काळोखी. एवढं एक साधलं तरी अर्धं काम झालं.

रंगाबद्दल थोडंसं. पाखरांच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या शंकूपेशी चार प्रकारच्या असतात, आपल्याकडे तीन. आपल्याला दोन हिरवे सारखे वाटले तरी त्यांना ते वेगळे वाटू शकतात. शिवाय डिसेंबरात धरणाचा काठ हिरवा नसतोच. ओसरलेला गाळ, वाळलेलं लव्हाळं, राखाडी-पिवळं गवत. रोपवाटिकेची कोरी हिरवी शेडनेट तिथे दुरून चमकते.

नाव कोणती घ्यायची

सपाट बुडाची, किमान १४ फूट लांब आणि मध्यावर ४ फूट रुंद. भोई मच्छीमारांकडे फायबरच्या किंवा पत्र्याच्या अशा नावा असतात. थर्माकोलचा तराफा आणि ट्यूब या कामाला अजिबात चालत नाहीत : वर जाळीची कमान आली की वाऱ्यात ते उलटतात. गोल बुडाची अरुंद डोंगीही नको.

दोन माणसं आणि सामान घेऊन बसल्यावर नावेचा काठ पाण्याच्या वर सगळ्यांत खाली असेल तिथेही १० इंच राहायला हवा. त्याहून कमी राहत असेल तर एकट्यानेच बसा, पण दुसरी नाव हाकेच्या अंतरावर ठेवून.

परवानगीचं काम नाव ठरवण्याआधी करा. जलाशय जलसंपदा विभागाच्या ताब्यात असतो आणि मासेमारीचा ठेका बहुधा मच्छीमार सहकारी संस्थेकडे. दोघांनाही लेखी कळवा. मच्छीमारांशी बोलण्याचा दुसरा फायदा असा की जाळी कुठे टाकली आहेत, गाळ कुठे खोल आहे आणि बदकं सकाळी कोणत्या उथळात चरतात हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नसतं.

सामान

खालील मापं १४ × ४ फुटांच्या नावेवर मधल्या ८ फुटांत लपण बसवण्यासाठी आहेत. पुढची आणि मागची तीन-तीन फूट जागा वल्ह्यासाठी आणि दोरीसाठी मोकळी राहते.

कमानींसाठी २५ मिमी एचडीपीई पाइप, ६ किलो दाबाचा, १० मीटर. ठिबकच्या दुकानात वेटोळ्यातून कापून मिळतो; वेटोळ्याचा बाक आपल्या कामाचाच आहे. शेतात जुना पडलेला असेल तर तोच घ्या. ३२ मिमीचा घेऊ नका : ४ फुटांच्या कमानीत तो वाकताना मोडतो, आणि एकदा मोड पडली की तिथेच चपटा होतो. उलट ठिबकची १६ मिमीची लॅटरल (शेतात पसरतात ती बारीक नळी) इतकी लेचीपेची असते की गवताच्या ओझ्याने बसते.

कमानींची टोकं बसवायच्या खोबण्यांसाठी ३२ मिमी पीव्हीसी पाइप, ६ फूट. त्याला धरणारे सॅडल क्लॅम्प १६ आणि १ इंची स्क्रू ३२. काठावर ठेवायला २ × १½ इंचाच्या दोन लाकडी पट्ट्या, प्रत्येकी साडेआठ फूट. आडव्या दांड्यांसाठी अंगठ्यापेक्षा थोडे जाड, साडेआठ फुटांचे तीन बांबू. शेडनेट ५० टक्क्यांची, ३ मीटर पन्ह्याची, ७ मीटर लांब; काळी किंवा मातकट. (५० टक्के म्हणजे निम्मा उजेड अडवणारी. ९० टक्क्यांची आणली तर समोरचं काही दिसत नाही आणि वारा तिला शिडासारखा धरतो.) चार बारदानं. सुतळीचे दोन मोठे गुंडे, ८ मिमी नायलॉन दोरी २० मीटर, ट्रॅक्टरची किंवा मोटारसायकलची फाटकी ट्यूब, आणि कपड्यांचे लाकडी चिमटे दोन डझन. प्लास्टिकचे रंगीत चिमटे चमकतात.

बांधणीची लोखंडी तार मुद्दाम वगळली आहे. तिची टोकं जाळीत आणि बोटांत घुसतात, नाव हलली की कुरकुर आवाज येतो, आणि अडचणीच्या वेळी ती सुटत नाही. ट्यूब कापून केलेल्या एक इंची पट्ट्या तारेपेक्षा घट्ट बसतात आणि एका ओढीत निघतात.

तळपट्ट्या आणि खोबण्या

दुसऱ्याच्या नावेला भोक पाडायचं नाही. सगळा भार दोन लाकडी पट्ट्यांवर घ्यायचा आणि पट्ट्या दोरीने बांधायच्या.

पीव्हीसी पाइपचे ८ इंचाचे आठ तुकडे करा. प्रत्येक पट्टीवर टोकापासून ३ इंचांवर पहिली खूण, तिथून दर ३२ इंचांवर पुढची, अशा चार. तुकडा उभा ठेवून दोन क्लॅम्पनी पट्टीच्या बाहेरच्या अंगाला कसा. पट्टी २ इंचांचीच उंच असल्याने दोन्ही क्लॅम्प तिच्यावर जवळजवळ येतात. तुकडा डुलत असेल तर आतल्या अंगाला लाकडाचा छोटा ठोकळा ठोकून पट्टी तेवढ्यापुरती उंच करा आणि वरचा क्लॅम्प ठोकळ्यावर घ्या. तुकड्याचं खालचं तोंड बंद करू नका. पाणी आणि गाळ खाली निघून गेला पाहिजे, नाहीतर कमान संध्याकाळी उपसून निघत नाही.

पट्ट्या नावेच्या काठावर ठेवून आडव्या फळ्यांना दोन-दोन ठिकाणी नायलॉन दोरीने बांधा, काठाला घासणाऱ्या जागी ट्यूबचा तुकडा घालून. त्यानंतर डाव्या आणि उजव्या पट्टीला जोडणारी दोरी फळ्यांच्या खालून दोन ठिकाणी ताणून घ्या. ही पोटदोरी विसरली तर कमानी बसवल्यावर त्या पट्ट्यांना बाहेर रेटतात आणि तासाभरात लपण रुंद आणि बुटकं होऊन बसतं.

कमानी

एका कमानीला ७ फूट ८ इंच पाइप लागतो. ४ फूट रुंदीचं अर्धवर्तुळ सुमारे ७६ इंच, आणि दोन्ही खोबण्यांत आठ-आठ इंच. अशा चार. काठाच्या वर कमानीची उंची २ फूट येते. नावेच्या तळावर बसलेल्या माणसाला तेवढी पुरते. उंची वाढवण्याचा मोह होतो, पण प्रत्येक जास्तीचा इंच वाऱ्याला दिलेला असतो.

टोकांकडे नाव अरुंद होते. तिथे काठाची रुंदी साडेतीन फूट भरत असेल तर तीच कमान वर निघून उंच दिसते. पहिल्या आणि शेवटच्या कमानीचा पाइप म्हणून १० इंच आखूड कापावा लागतो. आधी लावून पाहा, खूण करा, मग कापा. टोकाच्या कमानी मधल्यांपेक्षा दोन-तीन इंच बुटक्या आल्या तर चांगलंच. बेटाचा उतार साधतो.

पाइप उन्हात अर्धा तास पसरून ठेवला की मऊ पडतो. थंडीच्या पहाटे वाकवायला जाऊ नका, दुपारी करा. खोबणीत पाइप सैल बसतो, कारण आतला व्यास २८ मिमीच्या आसपास असतो. पाइपच्या टोकाला ट्यूबची पट्टी एक वेढा गुंडाळून तो हाताने दाबून बसवा. आरपार खिळा किंवा बोल्ट घालू नका. कमान ओढली तर निघालीच पाहिजे. का, ते पुढे येईल.

मग बांबू : एक माथ्यावर, दोन बाजूंना कमानीच्या मध्यावर. प्रत्येक छेदावर ट्यूबच्या पट्टीची फुली. आता धरून हलवलं तर सांगाडा एकसंध डोलला पाहिजे, एकच कमान वेगळी नाचत असेल तर तिथली गाठ पुन्हा बांधा.

जाळी

७ मीटरमधून ४ मीटर कापा आणि ती उभी फाडून दीड मीटर रुंदीच्या दोन पट्ट्या करा. एक डाव्या बाजूची, एक उजव्या. दोन्ही माथ्यावर एकमेकींवर सहा इंच चढतात आणि तिथे फक्त चिमट्यांनी धरलेल्या असतात. खाली काठाच्या पुढे १० इंचांची झालर राहते, नावेचं अंग झाकणारी. झालर पाण्याला टेकू देऊ नका, दोन इंच वर थांबवा. टेकली की ती पाणी धरते, वल्हवताना ओढ बसते आणि नाव वळली की तिच्यामागे लाट उठते, जी बदकाला माणसाआधी दिसते.

उरलेल्या ३ मीटरमधून दीड मीटरची एक पट्टी पाठीच्या बाजूला दुसरा थर म्हणून जाते, दुसऱ्या पट्टीचे दोन चौकोन पुढच्या आणि मागच्या तोंडाचे पडदे होतात. पाठीच्या थराखाली दोन बारदानं आडवी टांगली की आत हवा तसा काळोख होतो. उरलेली दोन बारदानं नावेच्या उघड्या टोकांवर टाकायला; निळा-पांढरा फायबर दुपारी आरशासारखा चकाकतो.

बांधण्यापूर्वी जाळीला गाळाचा पातळ काला फासा आणि वाळू द्या. त्याच धरणाचा गाळ असेल तर रंग आपोआप जुळतो. कडा गुंडाळून सुतळीने टाचून घ्या, कारण सुटी कड फडफडते. वाऱ्यात जाळीच्या एका कोपऱ्याची फडफड बाकी सगळी मेहनत वाया घालवते.

शाकारणी

नुसती जाळी म्हणजे दुरून एक काळा फुगा. त्याचं बेट होतं ते गवताने, आणि इथे वेळ घालवावा. दोन माणसांना एक पूर्ण दुपार लागते.

पाणकणसाची वाळलेली पात सर्वांत उत्तम : लांब, चिवट, आवाज न करणारी. पण उभं पाणकणीस कापू नका. जांभळ्या पाणकोंबड्या आणि वारकरी पक्षी त्यातच राहतात. एका लपणासाठी दहा फूट बेट कापलं तर ज्यांना पाहायला आलो त्यांचंच घर मोडलं. काठाला वाहून आलेली, आडवी पडलेली पात पुष्कळ मिळते. ती कमी पडली तर उसाचं पाचट किंवा ज्वारीची वैरण, पण धांडे काढून नुसती पात आणि शेंडे. खानदेशातली दादर निघते फेब्रुवारी-मार्चात, म्हणजे हंगामाच्या सुरुवातीला खरिपाच्या ज्वारीचाच कडबा हाताशी असतो. रावेर-यावलकडे वाळलेली केळीची पानं फुकट आणि ढीगभर. दवाने ओली असताना ती मऊ आणि निःशब्द असतात, मात्र उन्हं वर आली की कागदासारखी वाजतात आणि आठवड्यात चिंध्या होतात. मिसळायला ठीक. कपाशीच्या पऱ्हाट्या नकोत : जाळी फाडतात, वजन वाढवतात आणि पाण्यावर कधीच नैसर्गिक दिसत नाहीत.

अंगठ्याएवढ्या जाडीच्या, दोन फूट लांबीच्या जुड्या करा. जाळीवर कमानीपासून कमानीपर्यंत सुतळीच्या तीन आडव्या ओळी प्रत्येक बाजूला ताणा, एक-एक फुटाच्या अंतराने. समोरच्या बाजूला दर ४ इंचांवर एक जुडी, पाठीच्या बाजूला दर ३ इंचांवर. म्हणजे समोर ७२ आणि मागे ९६, मिळून पावणेदोनशेच्या आत. सुकं वजन सव्वाचार ते पाच किलो.

छप्पर शाकारतात तसंच : खालच्या ओळीपासून सुरुवात, वरची ओळ खालच्या गाठी झाकते. उलट केलं तर सगळ्या गाठी उघड्या दिसतात आणि पावसाचा शिंतोडा आत येतो. जुड्या एका लांबीच्या ठेवू नका. कात्रीने कापल्यासारखी सरळ कड हीच दुरून ओळखू येते. प्रत्येक पाचवी-सहावी जुडी वीतभर लांब सोडा, माथ्यावर काही शेंडे सरळ उभे, काही वाकडे. समोरच्या बाजूला काठाच्या वर ८ ते १२ इंचांच्या पट्ट्यात गवत जरा विरळ ठेवा, तिथून पाहायचं आहे.

दर पंधरा दिवसांनी डागडुजी लागते. काठाचं गवत जसं फिकं होत जातं तसं लपणाचंही व्हायला हवं.

खिडकी आणि बैठक

भोक लहान आणि वर बाही. कॅमेऱ्याच्या भिंगाच्या जाडीपेक्षा दोन इंच मोठा चीर जाळीला द्या आणि आतून जुन्या काळ्या पँटचा गुडघ्याखालचा भाग शिवून टाका. भिंग त्यातून बाहेर येतं, हलवताना जाळी हलत नाही, आणि कडेने उजेड आत येत नाही. भिंग जाळीच्या पुढे चार बोटांपेक्षा जास्त काढू नका. दोन माणसांना दोन खिडक्या पुरतात, त्यांच्यामध्ये किमान ३ फूट. दुर्बिणीसाठी वेगळं भोक लागत नाही, विरळ पट्ट्यातून दिसतं.

तिपाई नावेत निरुपयोगी आहे. नावेची प्रत्येक डुगडुग तिच्यातून वर जाते. काठापासून काठापर्यंत एक फळी आडवी टाका आणि तिच्यावर दोन-अडीच किलो ज्वारी भरलेली जाड कापडाची पिशवी. कॅमेरा तिच्यात रुतून बसतो. बसायला गोणपाटात भरलेला भुसा किंवा जुनी उशी, थेट तळावर. बाकावर बसलं की डोकं छपराला लागतं आणि नावेचा तोल वर जातो. तळाशी बसण्याचा दुसरा फायदा असा की नजर बदकाच्या पातळीला येते.

अंगावर मातकट किंवा गडद कपडे, चेहऱ्यावर पातळ रुमाल. कपडे चमक आणणाऱ्या पावडरीत धुऊ नका. घड्याळाची काच आणि मोबाइलचा पडदा झाकलेला.

आत आग नाही. शेगडी नाही, बिडी नाही, डासांची अगरबत्ती नाही. चहूबाजूंनी सुकं गवत आणि प्लास्टिकची जाळी, आणि बाहेर पडायला पाणी.

वारा, वजन आणि बाहेर पडणं

सगळं लपण कोरडं असताना १८ किलोच्या आसपास भरतं, दवाने आणि शिंतोड्यांनी भिजलं की २३-२४. वजनाचा प्रश्न नाही, उंचीवर असलेल्या अंगाचा आहे. ८ फूट लांब आणि २ फूट उंच बाजूवर ताशी २० किलोमीटरचा वारा साडेतीन किलोच्या आसपास जोर लावतो. वेग दुप्पट झाला की जोर चौपट, म्हणजे ४० ला चौदा किलो, तोही काठाच्या वर. त्यात एखादा माणूस उभा राहिला तर नाव कलायला आणखी काही लागत नाही. लपणात कुणीही उभं राहायचं नाही, कोणत्याही कारणाने.

हिवाळ्यात पहाटे पाणी काचेसारखं असतं आणि दहा-अकरानंतर वारा सुटतो. पाण्यावर पांढऱ्या शेंड्याच्या लाटा दिसू लागल्या की त्या दिवसाचं काम संपलं. परतताना वारा वाढलाच तर आधी गवतासकट जाळी उतरवून तळाशी दाबा आणि मगच वल्हवा.

नाव उलटली तर बुडण्यापेक्षा जाळीत अडकण्याची भीती मोठी. म्हणूनच माथ्यावर नुसते चिमटे, म्हणूनच कमानीला बोल्ट नाही. झालरही नावेला बांधायची नाही. चार ठिकाणी ट्यूबच्या पट्टीने नुसती अडकवायची. तोंडाचे पडदे एका बाजूने मोकळे. जी दोरी बांधावीच लागते तिला सुरगाठ, टोक ओढलं की सुटणारी. आत कुठेही सुटी दोरी पायात येईल अशी पडू देऊ नका. लाइफ जाकीट अंगावर आणि बंद केलेलं, फळीखाली ठेवलेलं नाही. गळ्यात धार असलेली छोटी सुरी.

हे सगळं कागदावर ठीक वाटतं, म्हणून करून पाहायचं. पहिल्यांदा जमिनीवर : दोघांनी आत बसावं, डोळ्यांवर रुमाल बांधावा, आणि आवाज दिल्यावर पाच सेकंदांत बाहेर यावं. अडकलं कुठे ते तेव्हाच कळतं, बहुतेक वेळा पिशवीचा पट्टा किंवा कॅमेऱ्याची दोरी. मग दुपारी, कंबरभर पाण्यात, काठाला तिसरा माणूस उभा करून नाव जोरात डुलवून पाहा. ज्याला पोहता येत नाही त्याने या लपणात बसू नये, जाकीट असलं तरी.

जमिनीवरच आणखी एक चाचणी होते. सकाळच्या उन्हात शंभर फुटांवर, सूर्याकडे तोंड करून उभं राहा, आतल्याला हात हलवायला सांगा आणि मोबाइलवर काळं-पांढरं चित्र घ्या. हात दिसला तर पाठीला आणखी एक बारदान.

पाण्यावर

जागा काठाच्या गवताजवळ किंवा पाणकणसाच्या बेटाला लागून. उघड्या पाण्यात एकटं उभं असलेलं बेट कुठल्याच थव्याला पटत नाही. सकाळच्या बैठकीसाठी नाव उत्तर-दक्षिण, पाहण्याची बाजू पश्चिमेला. शक्य असेल तर रिकामी नाव लपणासकट दोन-तीन दिवस आधीच तिथे बांधून ठेवा, मच्छीमारांना सांगून. वारकरी पक्षी तिच्या आजूबाजूला चरू लागले की समजा लपण स्वीकारलं गेलं. ते निर्धास्त असतील तिथे बदकंही सरकत येतात.

तीन-चार फूट पाण्यात दोन्ही टोकांना १० फुटी बांबूचे खुंटे, गाळात तीन फूट रोवलेले, आणि दीड फूट ढील ठेवून सुरगाठ. गाळात लोखंडी नांगर रुततो आणि निघत नाही. खोल पाण्यात प्रत्येक टोकाला १५ किलो वाळूची गोणी, दोरी खोलीच्या तिप्पट. वारा आडवा वाढला तर मागची दोरी सोडून द्या, नाव आपोआप तोंड वाऱ्याकडे करते.

हतनूरच्या फुगवट्यात गाळ मोठा आहे आणि आवर्तन (शेतीसाठी धरणातून सोडलेलं पाणी) सुटलं की पाणी उतरतं. संध्याकाळी तरंगणारी नाव सकाळी चिखलात बसलेली सापडते. अशा वेळी खाली उतरून ढकलू नका, पाय मांडीपर्यंत जातो. लांब बांबूने रेटा किंवा दुसऱ्या नावेला ओढायला बोलवा. आवर्तनाची तारीख आधीच विचारून ठेवलेली बरी.

जानेवारीत जळगावकडे सूर्य सातच्या सुमारास उगवतो. सहाला आत बसून स्थिर झालेलं असावं. इंजिन नाही, वल्हंच, आणि शेवटचे दोनशे फूट बांबूने. थव्याच्या कडेपासून ४०-५० मीटरवर थांबा. त्याहून जवळचं अंतर त्यांनी कमी करायचं.

चरणाऱ्या बदकांच्या माना खाली असतात. एकाच वेळी पुष्कळ माना ताठ झाल्या, चरणं थांबलं आणि सगळ्यांनी एका दिशेला पोहायला सुरुवात केली, तर तुमचं काहीतरी दिसतं किंवा ऐकू येतं आहे. पाच मिनिटं हात मांडीवर ठेवून गप्प बसा. पुन्हा चरू लागली तर ठीक. उडाली तर त्या जागी त्या दिवशी पुन्हा बसू नका, कारण हजारो किलोमीटर उडून आलेल्या पाखराला इथे चरून परतीची चरबी साठवायची असते आणि प्रत्येक उड्डाण त्यातून वजा होतं. पट्टकदंब यात सर्वांत बुजरे. त्यांच्यासाठी अंतर दुप्पट धरा.

निघतानाही थवा स्वतःहून लांब सरकेपर्यंत थांबावं लागतं, कधी तासभर. पाणी आणि लघवीसाठी बाटली जवळ ठेवा, हे लाजण्याचं काम नाही.

मार्चमध्ये बहुतेक पाहुणे परततात, आणि उघड्या पडलेल्या वाळूच्या बेटांवर नदी सुरय अंडी घालायला बसतात. त्याआधी लपण उतरवा. गवत काठावर कुजायला द्या, पण जाळीचा, सुतळीचा आणि ट्यूबचा एकही तुकडा पाण्यात राहता कामा नये. माशांची जुनी जाळी ज्याप्रमाणे पाखरांच्या पायात गुंततात त्याप्रमाणे शेडनेटचा धागाही गुंततो. कमानी खोबण्यांतून उपसा, धुवा, वेटोळं न करता सरळ सावलीत टांगा. जाळीची घडी कोरडी झाल्यावरच घाला. उंदीर गवताच्या बियांसाठी ती कुरतडतात, म्हणून आधी झटकून घ्या.